जेवून आलेले कावळे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा हातात आला की ठसका लागेल. जे सांगणार आहे ते आठवून आमच्या सासरवाडीत निम्मे लोक अजून हसतात आणि निम्मे मला बघून हात जोडतात. मला दोन्हींचा सारखाच त्रास होतो.

मी राहायला जळोचीला. ठिबकच्या नळ्या-फिटिंगचं दुकान आहे. सासरवाडी पिंपळीची. लग्नानंतर सासर आणि माहेर यांच्यात थोडं अंतर असावं म्हणतात, ते आमच्यात कधी पडलंच नाही. आणि या दोन्हींच्या मधून जाते ती आमची जुनी रेल्वेलाइन.

एके काळी तिच्यावरून छोटी गाडी जायची. माझे सासरे, म्हणजे आबा, सांगायचे की चालत्या गाडीतून उतरायचं, कडेच्या उसातलं एक कांडं मोडायचं आणि परत त्याच डब्यात जाऊन बसायचं, इतकी ती सावकाश होती. पुढं मोठी लाइन दुसरीकडून गेली, ही बंद पडली, रूळ उचलले. उरला नुसता भराव आणि त्यावर वेड्या बाभळी. मग कुणाच्या तरी मनात आलं, इथं चालायला ट्रॅक करावा. बाभळी निघाल्या, लाल फरशी आली, बाकडी आली. ओढ्यावरच्या जुन्या दगडी पुलाशेजारी योगासनांसाठी पत्र्याची लांबलचक शेड आली. आणि तोंडाशी पाटी लागली, ‘बहुउद्देशीय आरोग्य मार्ग’.

पाटीवर चालणारा माणूस, पळणारा माणूस आणि सायकलवाला अशी तीन चित्रं होती. पण आपल्याकडं बहुउद्देशीय म्हटल्यावर लोक तिघांवर थांबतील का? लाल फरशी तापते छान, म्हणून बायकांनी कुरडया घातल्या. एकानं ज्वारी पसरली. लग्न ठरलेली पोरं-पोरी फोटो काढायला यायला लागली. नवरा मुलगा पुलावरून धावत यायचा आणि कुरडयांची राखण करणारी म्हातारी त्याला काठी दाखवायची. साखर कारखान्याचं धुराडं पेटलं की उसाच्या ट्रॉल्या जवळचा रस्ता म्हणून याच ट्रॅकवर शिरायच्या. त्या अडवायला लोखंडी खांब रोवले, तर खांबांना लोकांनी म्हशी बांधल्या.

आणि चालणारे? ते होतेच की. घरापासून ट्रॅकपर्यंत गाडीवर यायचं, गाडी सावलीला लावायची, बूट आवळायचे, पहिल्या बाकड्यापर्यंत चालायचं आणि तिथं बसून उसाच्या भावावर बोलायचं. यातले बरेच जण ‘मी रोज ट्रॅकवर असतो’ असं सांगतात, आणि ते खोटं नाही.

मी मात्र खरोखर चालायचो. कारण मला डॉक्टरांनी शुगर सांगितली आणि माझ्या बायकोनं, सुनंदानं, ती सगळ्या गल्लीला सांगितली. तिनं कुठलासा पाककृतीचा वर्ग लावला आणि तिथून नाचणी-मेथीचे लाडू शिकून आली. गूळ नाही, साखर नाही, तूप दिसेल न दिसेल एवढं. मेथी मात्र हात सैल सोडून. रोज सकाळी स्टीलच्या डब्यात ते लाडू घालून द्यायची आणि म्हणायची, अर्ध्या वाटेत खा, चक्कर येणार नाही.

पहिल्या दिवशी मी एक घास खाल्ला आणि त्या कडू चवीनं दुपारपर्यंत चेहरा वाकडा होता. दुकानातल्या गिऱ्हाइकानं विचारलं, दाढ दुखतीय का?

दुसऱ्या दिवसापासून मी मार्ग काढला. पुलाजवळच्या बाकड्यावर बसायचं, डब्यातले लाडू डाव्या खिशात ओतायचे, हात घालून एकेक काढून चुरायचा आणि कावळ्यांना टाकायचा. कुत्र्यांनी आधी वास घेऊन नाही म्हटलेलं होतं. कावळे खायचे. त्यांच्यात एक वाकड्या चोचीचा होता, त्याचं नाव मी चेअरमन ठेवलं, कारण त्याचं खाऊन झाल्याशिवाय बाकीचे संचालक पुढं येत नसत. मग रिकामा डबा घेऊन मी जुन्या रेल्वे फाटकापर्यंत जायचो. तिथं वड्याचा गाडा लागतो. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

लोक मात्र माझ्याबद्दल चांगलं बोलायला लागले. माणूस बघा, स्वतःच्या तोंडचा घास पाखरांना घालतो. एकानं माझा कावळ्यांसोबत फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली कितीतरी जणांनी हात जोडले. मीही खाली लिहिलं, निसर्गावर प्रेम करा. किती निर्लज्ज असावं माणसानं!

असं सगळं छान चाललेलं असताना आबा गेले.

आबा चांगला माणूस. शुगरनं त्यांचे डोळे नेले होते. शेवटी शेवटी आवाजावरून माणसं ओळखायचे. मी गेलो की हात पुढं करायचे, माझं मनगट चाचपायचे आणि म्हणायचे, वाळला न्हाईसा अजून. मला त्यांची माया होती आणि त्यांना माझी काळजी. हे मी चेष्टेत सांगत नाही.

त्यांना खरी काळजी होती ती पोरांची. दोन मुलगे, थोरले दत्ताभाऊ आणि धाकटा नवनाथ. रान वाटून झालेलं, विहीर मात्र सामाईक. पण मोटरीच्या पेटीची किल्ली दत्ताभाऊंच्या करगोट्याला. दिवसाचं सगळं पाणी त्यांच्या उसाला. नवनाथ वांगी-दोडका लावून बारामतीच्या मंडईला घालणारा, त्याच्या वाट्याला रात्रीचं पाणी, तेही ऊस भिजून उरलं तर. त्यावरून दोघांचं बोलणं बंद पडलं होतं. आबांनी सांगून पाहिलं, सासूबाईंनी रडून पाहिलं. दत्ताभाऊंचं एकच उत्तर, बघू.

तर आबांचा दहावा. पूर्वी आमच्याकडं दहावे नदीवर व्हायचे. पण आता पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा लागते, सावली लागते, माईकला लाइट लागते. हे सगळं कुठं आहे? आपल्या ट्रॅकवर, योगाच्या शेडमध्ये. खाली ओढ्याला कालव्याचं पाझरलेलं पाणी, वर पत्रा, पलीकडं मोकळं रान. आसनं कधी कुणी केली नाहीत तिथं, दहावे मात्र दणक्यात होतात.

घरातली मंडळी पहाटेच जीपमधून गेली. मी म्हटलं, मी ट्रॅकवरून चालत येतो. सुनंदानं त्याही धावपळीत माझ्या हातात डबा दिला. आज वेळ लागेल, शुगर उतरेल, सगळे खाऊन घ्या म्हणाली. बापाच्या दहाव्याला निघालेली बाई नवऱ्याच्या शुगरचा विचार करत होती. मी डबा घेतला, पुलाअलीकडच्या बाकड्यावर बसलो आणि सगळा कावळ्यांना घातला. त्या दिवशी लाडू जास्त होते. चेअरमन दोनदा येऊन गेला. मग फाटकापर्यंत जाऊन, दोन वडे खाऊन, तोंड पुसून, गंभीर चेहऱ्यानं मी शेडमध्ये हजर झालो.

प्रवचन झालं. श्रद्धांजलीची भाषणं झाली. बोलणाऱ्यांतल्या दोघांनी आबांचं नाव चुकवलं आणि एकानं बोलता बोलता येत्या निवडणुकीत लक्ष असू द्या म्हणून घेतलं. गुरुजींनी ओढ्याच्या कडेला पिंड मांडले. सगळी माणसं मागं सरकली. सगळ्यांनी वर बघितलं.

बाभळीवर कावळे ओळीनं बसलेले. अगदी भरलेली सभा. पण खाली एक येईना.

थोडा वेळ गेला. कुणी म्हणालं, माणसं जवळ आहेत, लांब व्हा. लांब झालो. कुणी म्हणालं, माईक बंद करा. तोही केला. कावळे चोची पुसत बसलेले. एकानं तर पंख पसरून आळस दिला.

पोट भरल्यावर आळस देणारा तो पक्षी मी चांगला ओळखत होतो.

आता पुढं आले कळस गावचे तात्या. हे आबांचे मेव्हणे, म्हणजे सासूबाईंचे भाऊ. आमच्या आणि त्यांच्या तालुक्यातला एक दहावा त्यांनी कधी चुकवलेला नाही. कावळा का शिवत नाही यात त्यांचा अभ्यास. त्यांनी डोळे बारीक करून झाडाकडं पाहिलं आणि सांगितलं की इच्छा राहिलीय, मोठी हाय. मग एकेकाला पुढं करायला सुरुवात झाली. नातीनं बारावी पास होईन म्हणून सांगितलं. सून म्हणाली, आबांची शेळी विकणार नाही. चुलत्यानं तंबाखू सोडली. ती त्यानं याआधी तिघांच्या दहाव्याला सोडलेली होती. कावळे जागचे हलले नाहीत.

गुरुजींनाही पुढं दुसरा दहावा होता. ते हळूच म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू या, शास्त्रात चालतं.

तेव्हा सासूबाई बोलल्या. सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. “दर्भाचा न्हाय. खरा कावळा येईल तवाच मी पाणी पिईन,” त्या म्हणाल्या. “यांचा जीव कशात अडकलाय ते हितं सगळ्यांना ठावं हाय.”

सगळ्यांनी दत्ताभाऊंकडं पाहिलं. दत्ताभाऊंनी जमिनीकडं पाहिलं. तात्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पिंडापर्यंत नेलं, आणि तो आडदांड माणूस तिथं गुडघ्यांवर बसला.

“आबा,” ते म्हणाले. “किल्ली नवनाथला देतो. दिवसाचं पाणी त्याचं बी. शब्द देतो. तुमी शांत व्हा.”

आणि करगोट्याची किल्ली खरंच सोडली त्यांनी. बायकांमध्ये एकदम रडू फुटलं. नवनाथनं तोंडावर पंचा धरला. खरं सांगतो, माझेही डोळे भरले. जे कुणाला जमलं नव्हतं ते माझ्या लाडू खाल्लेल्या कावळ्यांनी करून दाखवलं होतं. आता फक्त एकानं खाली येऊन चोच मारायची होती.

नाही आला. अरे, किती खाल्लं होतंत रे तुम्ही?

मला घाम फुटला. तो पुसायला मी रुमाल काढायला गेलो. रुमाल डाव्या खिशात. हात डाव्या खिशात गेला मात्र, बाभळीवरचे सगळेच्या सगळे कावळे उडाले आणि माझ्या भोवती येऊन उतरले. गोल करून. चेअरमन माझ्या बुटाच्या टोकाशी, मान वाकडी करून माझ्या हाताकडं बघत.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी तो हात खिशात तसाच ठेवून उभा.

तात्यांनी जाहीर केलं, “जीव जावयात हाय.”

मला दंडाला धरून पिंडाजवळ नेण्यात आलं. कावळे माझ्या मागं मागं चालत आले. हे दृश्य आजही कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहे. तात्या विचारायला लागले, आबा तुमच्याजवळ काय बोलले हुते? उत्तर सुनंदानं दिलं. ती रडत पुढं आली आणि म्हणाली, आबा जाताना माझा हात धरून म्हणाले होते, माझे डोळे गेले, त्याला जप, त्याचं तेलकट बंद कर.

आता काय करणार? सासूबाई कोरड्या ओठांनी माझ्याकडं बघतायत. समोर आबांसाठी मांडलेला भात आहे. मी हात जोडले आणि म्हणालो, आबा, वडा सोडला. भजी सोडली. तेलकट सगळं सोडलं. आणि दोन्ही हात उघडून दाखवले.

चेअरमननं माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. आज इथं काही मिळत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि नाइलाजानं त्यानं शेजारच्या भातात चोच मारली.

शिवला, शिवला, असा एकच गलका झाला. माणसं माझ्या पाया पडायला लागली. सासूबाईंच्या हातात कुणी पाण्याचा तांब्या दिला. मी मनात म्हटलं, सुटलो. झाकलेलं झाकलेलं राहिलं, म्हातारीला पाणी मिळालं, भावांचं जमलं.

तेवढ्यात दत्ताभाऊ उठले. त्यांनी किल्ली परत करगोट्याला बांधायला घेतली. तात्यांनी विचारलं, हे काय?

“माझ्या शब्दाला कावळा आला न्हाय,” दत्ताभाऊ अगदी शांतपणे म्हणाले. “दाजींच्या शब्दाला आला. म्हंजी आबांच्या मनात पाण्याचं काय नव्हतंच. उगं मी कशाला?”

बघा आता, तात्यांचा सगळा अभ्यास थोरल्याच्याच बाजूनं. नवनाथनं तोंडावरचा पंचा खांद्यावर टाकला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच त्याची विहीर बुजवली. जाता जाता एवढंच म्हणाला, “दाजी, जरा दम धरायचा हुता.”

सासूबाईंनी तांब्या न पिता खाली ठेवला.

तो तांब्या खाली ठेवल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी उभा राहिलो. सुनंदा समोरच होती. तिच्याकडं न बघता मी मोठ्यानं सांगितलं की कावळे कुणाच्याच शब्दाला आलेले नाहीत. त्यांची पोटं भरलेली होती. सकाळी मीच त्यांना डबाभर नाचणी-मेथीचे लाडू घातलेत. ते माझ्याजवळ आले ते मी रोज घालतो म्हणून. दत्ताभाऊंच्या शब्दात काही खोट नव्हती, कावळे जेवून आलेले होते.

मग मागं कुणीतरी फस्सकन हसलं, आणि दहाव्याला हसू नये म्हणून जे जे दाबून बसले होते ते सगळे एकदम खोकायला लागले.

सुनंदा मात्र हसली नाही. तिनं विचारलं, “सगळे?”

“सगळे.”

“कधीपासून?”

“ट्रॅक झाल्यापासून.”

ती वळली आणि जीपकडं चालायला लागली. नवऱ्यांनो, तुम्हाला कळेल, बोलली असती तर बरं झालं असतं.

सासूबाई उठल्या. दत्ताभाऊंसमोर जाऊन त्यांनी हात पुढं केला. आता दत्ताभाऊंना कावळ्याचं निमित्त उरलं नव्हतं. सगळा समाज बघत होता. त्यांनी गाठ सोडली, किल्ली आईच्या हातावर ठेवली. सासूबाईंनी ती नवनाथच्या मुठीत दिली आणि दोघा भावांची डोकी धरून एकमेकांना टेकवली. दत्ताभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, उद्या सकाळी मोटर तू चालू कर. इतक्या दिवसांनी तो पहिला शब्द होता. मग सासूबाई घटाघटा पाणी प्यायल्या.

मला इतकं बरं वाटलं की त्या भरात माझं दुकानदाराचं डोकं चालायला लागलं. मी हळूच म्हणालो, “म्हणजे आता ठरलं की कावळ्याचा तसा काही संबंध नाही. मग माझं ते वड्याचं…”

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. “पोट भरलेलं असून बी तुमच्या शब्दाला त्यो शिवला, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “म्हंजी यांचा जीव खराच तुमच्यात हुता.”

तात्यांनी मान हलवून निकाल कायम केला. मी वाकून सासूबाईंना नमस्कार केला. उठलो तर सुनंदा दुसरा डबा उघडून उभी. घरातल्या माणसांसाठी म्हणून तिनं जीपमधून आणलेला. एक लाडू तिनं माझ्या हातावर ठेवला आणि समोरच उभी राहिली. पिंपळी, जळोची, कळस, सगळी गावं बघत होती. मी तो लाडू खाल्ला. सगळा.

खाताना डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यातलं थोडं आबांसाठी होतं, खरंच होतं. मागच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा गं, जावई असून पोटच्या पोरासारखा रडतोय. मी मान हलवली. त्या लाडवात मेथी किती होती, ते त्यांना कोण सांगणार?